चिकटपट्टीचं चर्च

माझ्या साहेबाची, वॉरन किंबलची, चारचौघांत फजिती व्हावी, असं मला किती दिवसांपासून वाटत होतं ते माझ्या बायकोला ठाऊक आहे. गाडी चालवताना, आंघोळ करताना, अंगणातलं गवत कापताना मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडायचो आणि दर वेळी जिंकायचो. ऑफिसात मात्र त्याने हाक मारली की हसून "बोला, वॉरन" म्हणायचो.

युलांडा म्हणायची, "ओठ हलतायत तुझे. आज काय केलंस त्याचं?"

"आज खिडकीतून खाली टाकला."

"छान केलंस. आता कचऱ्याचा डबापण बाहेर ठेवून ये."

माझं नाव रेंडल ब्रॉडनॅक्स. मी आर्किटेक्ट आहे. हे वाक्य बोलण्याआधी मला बरीच वर्षं घसा खाकरावा लागायचा. आमच्या फर्ममध्ये माझ्या रंगाचे, म्हणजे काळे, आम्ही दोघंच, एक मी आणि दुसरी फोन घेणारी मुलगी. फर्मच्या माहितीपत्रकावर मात्र पहिल्या पानावर मीच. डोक्यावर हेल्मेट, बोट एका उंच इमारतीकडे. त्या इमारतीची एक वीटसुद्धा मी आखलेली नाही. फोटो काढणाऱ्याने सांगितलं तिकडे बोट केलं, एवढंच.

अशाने माणसाच्या मनात किडा शिरतो. मीटिंगला बसलं की वाटायचं, आता दार उघडून कुणीतरी येईल आणि म्हणेल, माफ करा साहेब, जरा गोंधळ झाला, ही खुर्ची तुमची नव्हे. मग मी एकेक नकाशा पुन्हापुन्हा तपासायचो. इतर लोक घरी जाऊन जेवायचे, मी जिन्याच्या पायऱ्या मोजत बसायचो. आणि एवढं करूनही तोंड उघडलं की पहिले शब्द तेच, "मी चुकत असेन, पण..."

हे मी कुणाला सांगायला नको होतं. मी किंबललाच सांगितलं. एकदा त्याने मला जेवायला नेलं, भाजलेल्या बरगड्यांचं मोठं ताट मागवलं आणि म्हणाला, "रेंडल, मोकळेपणाने बोल. तुझ्या मनात काहीतरी सलतंय." बोटांना रस्सा लागलेला, समोरचा माणूस आपुलकीने बघतोय, मी मूर्खासारखा पाघळलो. म्हटलं, कधीकधी वाटतं की मी इथे चुकून आलोय. त्याने माझ्या दंडावर थोपटलं. "अरे, सगळ्यांनाच वाटतं तसं. मलासुद्धा!" त्या दुपारी मला खरंच हलकं वाटलं होतं.

पुढे नवा भागीदार नेमायची वेळ आली. नेमला गेला तो पोरगा, ज्याला छपराचं पाणी कुठून काढायचं ते मी शिकवलं होतं. लिफ्टमध्ये एक म्हातारा भागीदार मला समजावायला लागला. म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस. वॉरनने सांगितलं आम्हाला, रेंडलला स्वतःलाच वाटतं की अजून तयारी नाही. तुझा हा प्रामाणिकपणा आवडला सगळ्यांना." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. लिफ्ट खाली पोचेपर्यंत मी त्या म्हाताऱ्याच्या टायकडे बघत राहिलो. उट्टं काढायचं, हे तिथेच ठरलं. कसं काढायचं ते मात्र सुचत नव्हतं.

मग ग्रेटर बेथूएल बाप्टिस्टचं काम आलं. शहराच्या दक्षिण भागातलं आमच्या लोकांचं जुनं चर्च, त्यांना नवी इमारत हवी होती. किंबल माझ्या टेबलावर येऊन बसला आणि पाय हलवत म्हणाला, "हे काम तुझ्या जोरावर मिळणार बरं का. तू माझ्याबरोबर चल. बोलायचं मी बघतो. तू नुसतं बसायचं आणि हसायचं."

"नकाशाला हात लावू का?"

"नकाशा झालाय."

नकाशा मी पाहिला. दिसायला सुंदर होता, खोटं कशाला बोलू. वेदीच्या समोर या टोकापासून त्या टोकापर्यंत काळ्या दगडाचा उथळ हौद, त्यात स्थिर पाणी, आणि पाण्याच्या काठाला अगदी खेटून बाकांची पहिली रांग. हौदावरून वेदीकडे जायला मधोमध एक चिंचोळा पूल. किंबलला बक्षिसं मिळवायची हौस फार. नकाशावर त्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'शांतता'.

ते वाचून मला हसू आवरेना. ज्याने आमच्या लोकांच्या कुठल्याही चर्चमध्ये एक रविवार काढलाय त्याला कळेल. आमच्याकडे अर्पणाची टोपली बाकांवरून फिरत नाही. माणसं उठतात, गाण्याच्या तालावर मागून पुढे येतात, वेदीसमोरून वळसा घेऊन टोपलीत टाकतात आणि कडेने परत जागेवर जातात. लग्नातली जोडपी त्याच वेदीसमोर उभी राहतात, तान्ही मुलं तिथेच वर उचलून देवाला दाखवतात, मेलेल्या माणसाची पेटी तिथेच ठेवतात. आणि कुणाच्या अंगात आलं की ते माणूस तिथेच जाऊन नाचतं. सगळा संसार त्या मोकळ्या जागेत चालतो, आणि किंबलने नेमक्या तिथे पाणी सोडलं होतं.

मी गेलो त्याच्याकडे. आधी सावध केलं नाही असं कुणी म्हणू नये.

"वॉरन, मी चुकत असेन, पण वेदीसमोरची जागा मोकळी हवी. लोक तिथून चालतात."

त्याने मान वर केली. आजूबाजूला दोनतीन शिकाऊ मुलं उभी होती, त्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "रेंडल, तू भाविकासारखा विचार करतोयस. इथे पगार आर्किटेक्टसारखा विचार करायचा मिळतो." मुलं हसली.

आणि खरी लाज वाटावी अशी गोष्ट पुढची आहे. जागेवर येऊन मी अर्धा दिवस त्याचंच खरं मानलं. वाटलं, असेल बाबा. मोठे आर्किटेक्ट चर्चमध्ये पाणी खेळवतात, आपल्याला काय कळतंय! आपण लहानपणी चर्चमध्ये फोल्डिंगच्या खुर्च्यांवर बसून वाढलेलो. संध्याकाळी घरी गवत कापता कापता आजीच्या अंत्ययात्रेची आठवण झाली. पेटी वेदीसमोर कशी वळवली होती ते डोळ्यांपुढे आलं, आणि मी यंत्र मधेच बंद केलं. मला बरोबर कळत होतं. मला पहिल्यापासून बरोबर कळत होतं, आणि तरी त्या माणसाने एका वाक्यात माझ्या डोक्यातलं पुसून टाकलं होतं. राग आला तो त्याचा आला, तितकाच माझाही.

दुसऱ्या दिवशी मी गोड आवाजात म्हटलं, "वॉरन, सादरीकरणाच्या दिवशी त्यांच्या हॉलच्या जमिनीवर आपला नकाशा खऱ्या मापात चिकटपट्टीने आखला तर? लोकांना आत उभं राहून बघता येईल."

"वा!" त्याचे डोळे चमकले. "झकास! निळी पट्टी आण. फोटोत छान दिसते."

शनिवारी सकाळी आम्ही चर्चखालच्या हॉलमध्ये पोचलो. मी सुटाबुटात गुडघ्यांवर बसून पट्टी लावत होतो आणि किंबल कॉफी पीत "जरा डावीकडे" म्हणत होता. मी आखणी त्याच्या नकाशाबरहुकूम केली, एका बोटाचाही फरक नाही. बाकांच्या जागी खुर्च्या मांडल्या. हौदाची निळी चौकट सगळ्यांत ठळक आखली.

इमारत कमिटीची प्रमुख मदर प्रुइट. आमच्याकडे चर्चमध्ये सगळे एकमेकांचे ब्रदर-सिस्टर, वयाने आणि मानाने मोठ्या बायका मात्र मदर, आणि त्यांच्यापुढे पास्टरसुद्धा आवाज चढवत नाही. पांढराशुभ्र पोशाख, पांढरी हॅट, काठी फक्त लोकांकडे रोखायला. किंबलशी तिने हात मिळवला आणि माझ्यासमोर येऊन थांबली.

"तू कुणाचा रे?"

"ब्रॉडनॅक्स. आम्ही नदीपलीकडचे, वेस्ट मेम्फिसचे."

"लुडी ब्रॉडनॅक्सचा कोण तू?"

"आजी माझी."

"हं. गायची छान. पत्त्यांत लबाडी करायची." माझ्या गुडघ्यांवरची धूळ तिने काठीच्या टोकाने दाखवली. "आणि हे काय, साहेब उभे आणि तू जमिनीवर?"

मी गुडघे झटकले.

किंबल मस्त बोलला. त्या बाबतीत त्याला मानलं पाहिजे. भिंतीवर चित्रं दाखवली, पाण्यात पडलेलं खिडकीचं प्रतिबिंब, निळसर उजेड, एकटी बसलेली एक बाई. आवाज हळू करून म्हणाला, "या धावपळीच्या जगात तुमच्या लोकांना काय हवं असेल? शांतता." आणि लोकांना आवडलं! टाळ्या पडल्या, कुणी "आमेन" म्हणालं. मागे बसलेल्या पास्टरचा चेहरा उजळला होता. म्हटलं, संपलं, यांनाही पाणीच हवंय, आणि आपण खरोखरच काही कळत नसलेला माणूस आहोत.

मदर प्रुइटने विचारलं, "मग, हात वर करायचे का?"

मी उभा राहिलो. "मदर, मी चुकत असेन, पण त्याआधी एकदा चालून बघा ना. रविवारी चालता तसं. पट्टी लावलीच आहे."

"अगदी!" किंबल पुढे सरसावला. "ही माझीच कल्पना. मीच रेंडलला म्हटलं, लोकांना चालू दे."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. जो खड्डा मी खणला होता, त्यावर हा माणूस स्वतःच्या नावाची पाटी ठोकत होता. मी मान डोलावली. "हो, कल्पना वॉरनचीच."

कोपऱ्यातल्या पियानोवर ब्रदर लव्हेल बसले होते. त्यांनी अर्पणाची चाल धरली, आणि मागच्या खुर्च्यांवरून माणसं उठली. माझा जीव टांगणीला लागला. हे लोक सुखरूप पार गेले तर माझं काही खरं नव्हतं. सूड राहिला बाजूला, मी पुन्हा कुठल्याच नकाशावर बोट ठेवू शकलो नसतो.

पहिले काही जण गेले, बाजूबाजूने, पोटं आत ओढून. मग मोठ्या जांभळ्या हॅटची सिस्टर व्हर्लीन आली, तिच्यामागे चाकांच्या आधारगाडीला धरून चालणारे एक डीकन, म्हणजे चर्चचे वडीलधारे सेवक, आणि समोरून परत येणारी रांग. खुर्च्या आणि निळी रेघ यांच्यामध्ये सगळे अडकले.

"अगं, सरक की!"

"कुठं सरकू? पाण्यात?"

"डीकन, ते चाक माझ्या पायावर आहे."

"चाकाला काय सांगता, ज्याने आखलं त्याला सांगा."

"मागं जा सगळे."

"मागं कसं जाणार? मागं अख्खा गायकवृंद आहे!"

ब्रदर लव्हेल मोठे वस्ताद. गर्दी अडलेली पाहून त्यांनी चाल थांबवायची सोडून वाढवली. पायांना ताल लागला, टाळ्या सुरू झाल्या, आणि सिस्टर व्हर्लीनच्या खरोखरच अंगात आलं. तिची हॅट उडाली. तिला सांभाळायला तिघी बायका हात पसरून धावल्या, कारण अंगात आलेल्या बाईला कडं करून सांभाळायचं असतं. कडं करायला जागाच नव्हती. चौघी मिळून निळ्या चौकटीत.

"बुडाली!" मागून कुणीतरी ओरडलं. "सिस्टर व्हर्लीन बुडाली! दोरी टाका!"

हॉल हसून हसून कोलमडला. पास्टर रुमालाने डोळे पुसत होता. किंबलही हसायचा प्रयत्न करत होता, पण त्याच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. मी त्या चट्ट्यांकडे बघत होतो, आणि मला इतकं बरं वाटत होतं की सांगता येत नाही.

हसणं ओसरलं तसे ब्रदर टिल्मन पुढे आले. उंच, कृश, हातांत घातलेले पांढरे हातमोजे. चर्चमध्ये लोकांना जागा दाखवायचं, दार सांभाळायचं काम त्यांचं. ते हसले नव्हते.

"पेटी कुठून वळवायची?" त्यांनी किंबलला विचारलं.

"कसली पेटी?"

त्यांनी चौघांना बोलावलं आणि एक लांब फोल्डिंगचं टेबल खांद्यांवर घ्यायला लावलं. चौघे मधल्या वाटेने हळूहळू पुढे आले आणि निळ्या रेघेपाशी थांबले. वळावं तर खुर्च्या, पुढे जावं तर पाणी, पुलावर एकामागे एक दोनच माणसं मावणार. टेबल तिथेच खांद्यांवर राहिलं. पियानो केव्हा थांबला ते कळलं नाही.

"माझी बायको मॅटी गेली तेव्हा वरच्या वेदीसमोर तीन तास होती," ब्रदर टिल्मन म्हणाले. "सगळ्यांनी जवळ येऊन पाहिलं तिला. इथं तिला कुठं ठेवली असती? काठावरनं हात हलवला असता काय लोकांनी?"

आता कुणीच हसत नव्हतं. त्या टेबलाकडे बघताना प्रत्येकाला आपापलं माणूस दिसत होतं, काहींना आपण स्वतःच.

आणि तेव्हा किंबलचा हात माझ्या खांद्यावर आला.

"मित्रहो," तो म्हणाला, "मलाही धक्का बसलाय. तुमच्या चालीरीती मला कुठून माहीत असणार? म्हणून तर हा भाग मी रेंडलवर सोपवला होता. तो तुमच्यातला. मी त्याच्यावर विसंबलो."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आयुष्यभर ज्याची धास्ती घेतली होती तो क्षण हाच. दार उघडलं होतं, आणि आत आले होते ते माझेच लोक. मदर प्रुइट काठी टेकत माझ्यासमोर आली.

"तू काढलंस हे? लुडीच्या नातवानं?"

आणि ऐका, त्या क्षणीसुद्धा माझ्या आत कुणीतरी म्हणालं, असेल, तुझंच चुकलं असेल, तू नीट समजावून सांगितलं नसशील. सवयच तशी लागलेली. मग खांद्यावरचा तो हात मला जाणवला. त्याचा अंगठा हळूच दाबत होता, गप्प बस म्हणून. ज्या आपुलकीने त्याने त्या जेवणाच्या टेबलावर थोपटलं होतं, अगदी तीच आपुलकी.

मी खांदा झटकला.

"नाही," मी म्हटलं. "मी काढलं नाही. मी यांना सांगितलं होतं, लोक तिथून चालतात. हे म्हणाले, भाविकासारखा विचार करू नकोस."

"रेंडल," किंबल दातांतून म्हणाला, "आपण एक टीम आहोत."

"ब्रदर लव्हेल, तुम्ही वाजवा. थांबू नका." मी कोट काढून खुर्चीवर फेकला आणि हौदाची पट्टी एका टोकाला धरून ओढली. ती टर्रकन निघत गेली. तो आवाज अजून माझ्या कानांत आहे आणि अजून गोड लागतो. "तुम्ही चौघे टेबल खाली ठेवू नका. जसे खरोखर वळाल तसे वळा. सावकाश."

ते वळले. त्यांचे पाय जिथे पडले त्याच्याबाहेरून मी पट्टी लावत गेलो. मापं घेतली नाहीत, चालणाऱ्या माणसांनीच मापं दिली. सिस्टर व्हर्लीनला म्हटलं, नाचून दाखवा. ती म्हणाली, "असं सांगून येत नाही रे बाळा." पण हात पसरून गोल फिरली, तिघींनी कडं केलं, तेवढी जागा मी सोडली. पहिल्या रांगा उचलून मागे नेल्या, कडेच्या वाटा तिरक्या केल्या, डीकनचं चाक पट्टीला न लागता जाईल इतक्या रुंद. गुडघ्यांवर रांगत होतो, सदरा घामाने भिजला होता, आणि एकदाही मनात आलं नाही की मी चुकत असेन. यायला वेळच मिळाला नाही.

"आता चाला," मी म्हटलं.

लोक चालले. मागून पुढे, वेदीसमोरून वळसा, कडेने परत. कुणी कुणाला अडलं नाही. टेबल खांद्यावर घेतलेले चौघे मधोमध आले, वळले आणि टेबल अलगद खाली ठेवलं. ब्रदर टिल्मन त्याच्याजवळ गेले, मोजा घातलेला हात त्यावर ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि मान हलवून मागे झाले.

"अगदी बरोबर," किंबलचा आवाज आला. माणूस सावरला होता! "हेच तर आम्ही ऑफिसात बोललो होतो. रेंडल आणि मी, आमचा दुसरा पर्याय हाच होता."

मदर प्रुइट वळली. "एक मिनिट, साहेब. मघाशी चुकलं ते याचं होतं."

"म्हणजे, त्या अर्थाने..."

"आणि आता जमलं ते दोघांचं?"

"मी असं म्हणतोय की..."

"बरं, मग सांगा. त्या डाव्या हाताची वाट अशी तिरकी का केली?"

किंबलने जमिनीकडे पाहिलं. "उजेडासाठी," तो म्हणाला.

हसणं फुटलं ते पियानोपासून. डीकनने चाकांची गाडी त्या वाटेवरून पुढेमागे फिरवून दाखवली आणि हसणं आणखी वाढलं. किंबल आपली चित्रं गोळा करायला लागला.

"प्रार्थना करू या," मदर प्रुइट म्हणाली.

सगळे जिथल्या तिथे थांबले. किंबल चित्रं काखेत मारून दाराकडे निघाला होता. दारात ब्रदर टिल्मन उभे. त्यांनी एक हात पाठीमागे घेतला आणि दुसरा, पांढऱ्या मोज्यातला, किंबलच्या छातीसमोर आडवा धरला. प्रार्थना चालू असताना आमच्याकडे कुणी हलत नाही, मग तो गव्हर्नर असला तरी.

"प्रभू," मदर प्रुइटने सुरुवात केली, "तुझे आभार. आज सकाळी आम्हाला उठवलंस."

"हो, प्रभू," लोक म्हणाले.

"आज आमच्यात एक पाहुणा आहे. मिस्टर वॉरन किंबल. नाव नीट घेते, म्हणजे तुझा गोंधळ व्हायला नको."

"सांगा, मदर!"

"त्याला आमचा पत्ता सापडला, प्रभू, पण आमची माणसं चालतात कशी ते बघायला सवड सापडली नाही. त्याला क्षमा कर. चूक स्वतःची आणि बोट दुसऱ्याच्या लेकराकडं, त्याचीही क्षमा कर. तू करशील. मला जरा वेळ लागेल."

"हो ना, मदर!"

"आणि हे लुडीचं नातवंड. डोकं चांगलं दिलंस त्याला. पण तोंड उघडायच्या आधी माफी मागायची खोड त्याला कुणी लावली ते तुला माहीत आहे, आणि आज आम्हालाही कळलं. ती खोड काढ, देवा. मुळासकट काढ."

माझे डोळे भरून आले. ते मी लपवले नाहीत.

"आता कामाचं. हे चर्च हाच बांधील. स्वतःच्या नावानं, कुणाच्या हाताखाली नाही. आपला आहे म्हणून देत नाही, प्रभू, ते तू जाणतोस. आपले पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांना मी कोंबड्यांचं खुराडंसुद्धा बांधायला देणार नाही. याला देते, कारण पेटी वळली. कमिटी इथंच उभी आहे. कुणाची हरकत असेल तर त्यानं मला सांगू नये, आत्ता तुलाच सांगावं."

कुणी हललं नाही. किंबलचं तोंड उघडलं होतं. त्याला बोलायचं होतं, करार, फर्म, वकील, सगळं त्याच्या जिभेवर आलेलं मला दिसत होतं. पण देवाशी बोलत असलेल्या बाईला मधेच तोडायचं कसं, हे त्याला कुठल्याही कॉलेजात शिकवलं नव्हतं. पांढरा हात त्याच्या छातीसमोर तसाच होता. काखेतली चित्रं घसरत होती आणि त्याला ती सावरताही येत नव्हती.

प्रार्थनेत डोळे मिटायचे असतात. सगळ्यांनी मिटले होते. मी मिटले नाहीत. मी त्याच्याकडेच बघत होतो, आणि एकदा त्यानेही माझ्याकडे पाहिलं, तरी मी नजर वळवली नाही. मदर प्रुइट आता किंबलच्या आईवडिलांसाठी प्रार्थना करायला लागली होती, त्यांनी पोराला आणखी चांगलं वळण लावायला हवं होतं म्हणून. मीही देवाकडे एकच गोष्ट मागितली, हिला एवढ्यात आमेन म्हणू देऊ नकोस.